सांभाळायला दिलेली मुले : छळ, सुटका आणि पुढचे आयुष्य

आई-वडील नाहीत, किंवा असूनही सांभाळू शकत नाहीत, अशा मुलाला सरकारने पारखून घेतलेल्या दुसऱ्या कुटुंबात, म्हणजे संगोपन कुटुंबात, ठेवायचे, त्या कुटुंबाला दरमहा खर्च द्यायचा आणि मुलावर लक्ष ठेवायचे, ही फॉस्टर केअरची साधी मांडणी. आपल्या सरकारी कागदांत तिला प्रतिपालकत्व म्हणतात. मोठ्या अनाथालयापेक्षा लहानसे घर मुलासाठी बरे, हे त्यामागचे तत्त्व आहे आणि संशोधनाने ते पुन्हा पुन्हा खरे ठरवले आहे. पण एका घरातून सोडवून दुसऱ्या घरी पाठवलेल्या मुलाच्या वाट्याला तिथेही मारहाण, उपासमार किंवा लैंगिक अत्याचार आले तर? मग ते मूल पुढे कसे जगते? त्यातून कोण सावरते आणि कशामुळे?

या प्रश्नावर बोलताना लोक दोन टोके गाठतात. काही जण म्हणतात, अशी मुले आयुष्यातून उठली. दुसरे एखाद्या यशस्वी माणसाकडे बोट दाखवतात आणि सांगतात, जिद्द असली की सगळे जमते. गेल्या दीडशे वर्षांतल्या खटल्यांचे, चौकशी अहवालांचे, दीर्घकालीन अभ्यासांचे आणि आत्मकथनांचे कागद एकत्र ठेवून पाहिले तर दोन्ही टोके टिकत नाहीत. सावरलेल्या माणसांत जिद्द दिसतेच, पण त्या जिद्दीला आधार कशाचा मिळाला हे पाहू लागलो की त्याच तीन-चार गोष्टी परत परत समोर येतात. त्यांतली एकही गोष्ट सरकार आणि समाजाच्या आवाक्याबाहेरची नाही. भारतात ही पद्धत आता कुठे पसरू लागली आहे, म्हणून हा आढावा आज घ्यायला हवा.

प्रश्न उजेडात कसा आला

मेरी एलन विल्सन ही न्यूयॉर्कची मुलगी. ती दीडएक वर्षाची असताना शहराच्या धर्मादाय खात्याने तिला एका जोडप्याच्या हवाली केले. १८७४ मध्ये, ती दहाएक वर्षांची असताना, एटा व्हीलर या मिशनरी कार्यकर्तीला तिच्या अंगावरचे वळ दिसले. सांभाळणारी बाई तिला चाबकाने मारत असे आणि घराबाहेर पडू देत नसे. पोलीस आणि संस्था, कुणीच हात घालेना. शेवटी व्हीलरने प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचे संस्थापक हेन्री बर्ग यांना गाठले आणि त्यांचे वकील एल्ब्रिज गेरी यांनी मुलीला न्यायालयासमोर आणले. कायद्याने तिला प्राणी मानले म्हणून ती सुटली, ही दंतकथा अजून सांगितली जाते. प्रत्यक्षात गेरींनी हेबियस कॉर्पसशी संबंधित तरतुदीचा आधार घेतला होता. त्या बाईला एक वर्षाची शिक्षा झाली आणि काही महिन्यांतच मुलांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था न्यूयॉर्कमध्ये उभी राहिली.

या खटल्याचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. मेरी एलन आधी व्हीलरच्या आईकडे आणि नंतर बहिणीच्या घरी वाढली. तिने लग्न केले, तिला दोन मुली झाल्या, त्यांतल्या एकीचे नाव तिने एटा ठेवले. एका अनाथ मुलीलाही तिने सांभाळले. १९५६ मध्ये, ९२ व्या वर्षी ती वारली. छळही परक्याच घरात झाला आणि सावरणेही परक्याच घरात झाले, ही गोष्ट या पहिल्या गाजलेल्या प्रकरणातच दिसते.

ब्रिटनला जाग आणणारे प्रकरण डेनिस ओ'नील या बारा वर्षांच्या मुलाचे. वेल्समधल्या न्यूपोर्ट नगरपालिकेने १९४४ मध्ये त्याला आणि त्याचा धाकटा भाऊ टेरेन्स याला श्रॉपशरमधल्या बँक फार्म या एकाकी शेतघरात ठेवले. ९ जानेवारी १९४५ रोजी, उपासमार आणि मारहाण सोसून, डेनिस मेला. डिसेंबरमध्ये एक कर्मचारी तिथे जाऊन आली होती आणि मुलांना हलवावे असे तिने कळवले होते. पण मुले एका नगरपालिकेची आणि घर दुसऱ्याच स्थानिक संस्थेच्या हद्दीत, त्यामुळे जबाबदारी नेमकी कुणाची याचा घोळ आधीपासूनच चालू होता. शेतकऱ्याला सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. सर वॉल्टर मॉन्क्टन यांनी चौकशी केली, १९४६ मध्ये कर्टिस समितीचा अहवाल आला आणि १९४८ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत मुलांसाठी स्वतंत्र विभाग व अधिकारी नेमले गेले. अगाथा ख्रिस्तीने याच प्रकरणावरून आधी नभोनाट्य लिहिले आणि त्यातून पुढे ‘द माऊसट्रॅप’ हे नाटक झाले. लंडनमध्ये दशकानुदशके त्याचे प्रयोग पाहणाऱ्या किती जणांना त्यामागचा मुलगा ठाऊक असेल? टेरेन्स मात्र वाचला. त्याने आपली कहाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली ती २०१० मध्ये, म्हणजे तब्बल ६५ वर्षांनी.

स्वित्झर्लंडमध्ये हा प्रकार एखाद-दुसऱ्या घरापुरता नव्हता, ती रीतच होती. गरीब, विधवा किंवा अविवाहित मातांची मुले अधिकारी शेतकऱ्यांकडे कामाला ठेवत. जर्मन भाषेत त्यांना ‘फेर्डिंगकिंडर’ म्हणत. काही गावांत तर उलटा लिलाव होई, म्हणजे जो मुलाच्या खर्चापोटी गावाकडून सर्वांत कमी पैसे मागेल त्याला मूल मिळे. ही प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रेंगाळली. भरभराटीला आलेल्या लोकशाही देशातही हे घडू शकले, याचे कारण म्हणजे मुलाकडे खाणारे तोंड आणि राबणारे हात म्हणून पाहिले जात होते.

किती मुले, आणि ते कळते कसे

संगोपन कुटुंबात नेमक्या किती मुलांचा छळ होतो? कुणाला आणि कधी विचारले यावर उत्तर ठरते. यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी ब्रिटनमधल्या अधिकृत नोंदी तपासल्या तेव्हा सिद्ध झालेल्या तक्रारी वर्षाला शंभर मुलांमागे एकाहूनही कमी निघाल्या. उलट अमेरिकेच्या वायव्य भागात फॉस्टर केअरमध्ये राहून मोठे झालेल्या ६५९ जणांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या मुलाखत दिलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांनी त्या घरातल्या कुणा मोठ्या माणसाकडून छळ किंवा हेळसांड झाल्याचे सांगितले. पहिला आकडा एका वर्षाचा आणि शाबित झालेल्या तक्रारींचा आहे. दुसरा पूर्ण मुक्कामाचा आणि माणसाच्या स्वतःच्या सांगण्यावरचा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. त्यांच्यामधले अंतर म्हणजे त्या वेळी कुणीच न ऐकलेल्या तक्रारी, असा अंदाज करायला जागा आहे.

मूल बोलत नाही याला कारणे आहेत. बोललो तर हलवतील आणि पुढचे घर याहून वाईट निघेल, ही पहिली भीती. भावंड त्याच घरात असेल तर ताटातूट होईल, ही दुसरी. आधीच्या छळामुळे मूल खोटे बोलत असेल, चोऱ्या करत असेल, अंथरूण ओले करत असेल, तर त्याच्या शब्दाला किंमत उरत नाही. भेटीला येणारी कार्यकर्ती आगाऊ कळवून येते, पालकांसमोर बसूनच विचारपूस करते आणि सहा महिन्यांनी तिच्या जागी दुसरीच आलेली असते. आणि मुलाच्या मनात सगळ्यांत खोल रुजलेली गोष्ट वेगळीच असते : आपल्याला आधीच्या घरातून काढले, म्हणजे आपल्यातच काहीतरी खोट आहे.

न्यूझीलंडच्या चौकशी आयोगाने जुलै २०२४ मध्ये अंतिम अहवाल दिला. १९५० ते २०१९ या काळात सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या देखरेखीखाली असलेल्या सुमारे ६ लाख ५५ हजार मुला-माणसांपैकी जवळजवळ २ लाख जणांचा छळ झाला असावा, असा अंदाज त्यात आहे. यात संगोपन कुटुंबांबरोबर वसतिगृहे आणि रुग्णालयेही येतात. माओरी मुलांचे प्रमाण त्यात फार मोठे. मुले काढून घेताना आणि परक्यांच्या घरी ठेवताना गरिबांची, आदिवासींची आणि अल्पसंख्याकांची घरे आधी निवडली जातात, हे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया सगळीकडे दिसले आहे.

छळ मागे काय ठेवतो

डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प यांनी १९६२ मध्ये मारहाण झालेल्या मुलांच्या लक्षणांवर लेख लिहिला, तोवर डॉक्टरही मुलांच्या मोडलेल्या हाडांचे कारण पालकांना विचारायला कचरत. १९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी कॅलिफोर्नियातल्या हजारो प्रौढांच्या तपासणीतून दाखवले की बालपणातले आघात जितके जास्त, तितके पुढे व्यसन, नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न आणि हृदयविकारसुद्धा जास्त. वायव्य अमेरिकेच्या ज्या अभ्यासाचा उल्लेख वर आला, त्यात चौघांपैकी एकाला आघातोत्तर ताणाचा विकार होता. युद्धावरून परतलेल्या अमेरिकी सैनिकांतल्या प्रमाणाच्या हे जवळपास दुप्पट.

या आकड्यांचा दुरुपयोगही झाला. शाळा आणि दवाखाने मुलांना आघातांचे गुण देऊन त्यांचे भवितव्य वर्तवू लागले. तेव्हा खुद्द अँडा यांनीच २०२० मध्ये लिहिले की हे गुण लोकसंख्येचा अभ्यास करण्यासाठी आहेत, एका माणसाचे भविष्य सांगण्यासाठी नाहीत. ‘मार खाल्लेलाच पुढे मारतो’ या समजुतीचेही तसेच. कॅथी स्पॅट्झ विडम यांनी न्यायालयीन नोंदी असलेल्या शेकडो पीडित मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला आणि १९८९ मध्ये निष्कर्ष मांडले. गुन्ह्यात अटक होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा वाढलेले होते, पण बहुसंख्य मुले त्या वाटेला गेलीच नाहीत. ज्याच्या बालपणी छळ झाला त्याला मुलगी द्यायला, नोकरी द्यायला किंवा मूल सांभाळायला द्यायला घाबरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

संगोपन कुटुंबातल्या छळाची खास जखम विश्वासाची असते. पहिल्या घरात घात झाला, मग ‘आता तू सुरक्षित आहेस’ असे सांगून नेले त्या घरातही घात झाला. असे मूल पुढे मदत करणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहते, प्रेमाची परीक्षा घेत राहते, समोरचा टाकून देईल त्याआधी आपणच नाते तोडते. बाहेरून हे उद्धटपणासारखे दिसते आणि त्याची शिक्षा म्हणून मुलाची पुन्हा दुसऱ्या घरी रवानगी होते.

कोण सावरले, आणि कशामुळे

हवाई बेटांतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत अभ्यास केला. दारिद्र्य, व्यसनी किंवा मनोरुग्ण पालक, घरातली भांडणे अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले शहाणी, कामसू आणि मायाळू माणसे झाली. त्यांच्यात एक गोष्ट समान होती. आई-वडील नसले तरी आजी, शेजारीण, शिक्षक असे एक तरी स्थिर मोठे माणूस त्यांच्या वाट्याला आले होते. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते : विशीच्या आत जी मुले वाया गेली असे वाटत होते, त्यांतली बहुतेक तिशी-चाळिशीपर्यंत मार्गाला लागली. कुणाला शिक्षणाची दुसरी संधी मिळाली, कुणाला सैन्यात नोकरी, कुणाला भला जोडीदार, तर कुणाला श्रद्धेचा गट. अठराव्या वर्षी निकाल लावून मोकळे होणाऱ्या प्रत्येक धोरणाला हा निष्कर्ष चपराक आहे. अशा सावरण्यात अलौकिक काही नसते, नेहमीच्या साध्या मानवी आधारांतूनच ते घडते, असे मानसशास्त्रज्ञ अॅन मास्टन यांनी २००१ मध्ये मांडले.

आत्मकथने हेच सांगतात. अँट्वन फिशर १९५९ मध्ये ओहायोतल्या तुरुंगात जन्मला. जन्मापूर्वीच वडिलांचा खून झाला होता. क्लीव्हलँडमधल्या संगोपन कुटुंबात त्याने वर्षानुवर्षे मारहाण आणि लैंगिक अत्याचार सोसले, मग तो सुधारगृहात गेला आणि पुढे बेघर झाला. नौदलात भरती झाल्यावर भांडखोरपणामुळे त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले गेले आणि तिथे पहिल्यांदा कुणीतरी त्याचे बोलणे नीट ऐकले. पुढे सोनी पिक्चर्समध्ये सुरक्षारक्षक असताना त्याने वडिलांचे नातेवाईक शोधून काढले. २००१ मध्ये त्याचे आत्मचरित्र आले आणि पुढच्याच वर्षी डेन्झेल वॉशिंग्टनने त्यावर चित्रपट काढला. मॅसॅच्युसेट्सच्या न्यू बेडफर्डमधल्या क्रूर घरात वाढलेला स्टीव्ह पेम्बर्टन सांगतो ते एका शेजारणीविषयी, जिने त्याला खोकेभर पुस्तके आणून दिली. आणि एका शिक्षकाविषयी, ज्याने शाळेच्या शेवटच्या वर्षी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. पुढे तो मोठ्या कंपन्यांत वरिष्ठ पदांवर पोहोचला.

अशी पुस्तके वाचताना एक भान सुटू नये. जे सावरले तेच लिहितात, आणि त्यांतही ज्यांना प्रकाशक मिळाला तेच आपल्यापर्यंत येतात. तुरुंगात, रस्त्यावर किंवा अकाली स्मशानात गेलेल्यांची आत्मचरित्रे नसतात. म्हणून या पुस्तकांतून ‘बघा, त्याने केले, तूही कर’ असा बोध काढणे अन्यायाचे आहे. त्यांच्यातून उचलायचे ते शेजारणीचे खोके, शिक्षकाची खोली आणि नौदलातल्या डॉक्टरचा वेळ.

उपचार : आधी सुरक्षितता, मग आठवण

ज्युडिथ हर्मन यांच्या १९९२ च्या ग्रंथाने आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले. आधी सुरक्षितता, मग घडलेल्याची आठवण आणि त्याचा शोक, मग पुन्हा माणसांशी जोडून घेणे. क्रम महत्त्वाचा आहे. राहायला खोली नाही, उद्याच्या जेवणाची शाश्वती नाही अशा तरुणाला बालपण आठवायला लावणे म्हणजे जखमेवरची खपली काढून त्याला रस्त्यावर सोडणे. मुलांसाठी आघातकेंद्री बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीचे परिणाम चांगले सिद्ध झाले आहेत. तिच्यात मूल टप्प्याटप्प्याने आपली गोष्ट सांगायला शिकते आणि विश्वासू पालकही त्यात सहभागी असतो.

अगदी लहान मुलांच्या बाबतीत उपचार मुलावर करण्यापेक्षा सांभाळणाऱ्यावर करणे अधिक फलदायी ठरते. मेरी डोझिअर यांनी बसवलेल्या पद्धतीत प्रशिक्षित व्यक्ती दहा वेळा घरी येते. मूल दूर लोटत असले तरी त्याला जवळ कसे घ्यायचे, त्याच्या इशाऱ्यांना प्रतिसाद कसा द्यायचा, हे ती पालकांना तिथल्या तिथे शिकवते. एवढ्यानेही मुलांच्या शरीरातल्या ताणाच्या संप्रेरकाचे दैनंदिन चक्र सुधारल्याचे आढळले.

फॉस्टर केअरच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा रुमानियातला आहे. चाउशेस्कू राजवटीने मागे ठेवलेल्या अनाथालयांतली १३६ लहान मुले २००१ च्या सुमारास बुखारेस्टच्या प्रकल्पात घेतली गेली. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुले प्रशिक्षित आणि नीट देखरेख असलेल्या संगोपन कुटुंबांत ठेवली गेली, निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबांत गेलेल्यांची बुद्धी, भाषा आणि जिव्हाळा जोडण्याची क्षमता स्पष्ट सुधारली, विशेषतः दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची. म्हणजे वाईट संगोपन कुटुंबावरचा उपाय अनाथालय हा नाही. चांगले संगोपन कुटुंब हाच तो उपाय आहे, आणि चांगलेपणा त्या घराच्या नशिबावर सोडायचा नसतो. प्रशिक्षण, पुरेसा पैसा आणि वारंवार भेटी यांतून तो घडवावा लागतो.

स्वतःची फाइल

आपल्या घरात वाढलेल्या माणसाला त्याच्या लहानपणच्या गोष्टी आई, मावशी, आजी सांगतात. सरकारी देखरेखीत वाढलेल्याचे बालपण कपाटातल्या फाइलमध्ये असते. आपल्याला का काढले, कुणी ठेवले, तक्रार केली होती तिचे काय झाले, ही उत्तरे तिथेच. लिव्हरपूलमध्ये लहानपणापासून वेगवेगळ्या कुटुंबांत ठेवल्या गेलेल्या ग्रॅहम गॅस्किनने छळाची तक्रार करत आपली फाइल मागितली आणि प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेले. १९८९ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. फाइल द्यायची की नाही हे ठरवणारी स्वतंत्र यंत्रणाच नसणे, हा त्याच्या खासगी जीवनाच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले.

कवी लेम सिसे याची कहाणी याच जातीची. १९६७ मध्ये इथिओपियन आईच्या पोटी इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या मुलाचे नाव समाजसेवकाने परस्पर नॉर्मन करून टाकले. ज्या गोऱ्या कुटुंबाला तो बारा वर्षे आई-बाबा मानत होता, त्याने त्याला एके दिवशी बालगृहात पोचते केले. खरे नाव आणि आईने आपल्याला परत मागितले होते हे सत्य त्याला कागदांतूनच कळले. पूर्ण फाइल मिळायला २०१५ उजाडले. त्याच वर्षी तो मँचेस्टर विद्यापीठाचा कुलपती झाला. त्याने स्थानिक परिषदेवर दावा लावला, तडजोड झाली आणि २०१९ मध्ये त्या फाइलमधली पानेच छापून त्याने आत्मकथन लिहिले. चूक आपली नव्हती, हे लेखी पुराव्याने कळणे हाही एक उपचार आहे, आणि त्याला सरकारचा खर्च जवळजवळ शून्य.

माफी, भरपाई आणि जबाबदारी

ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान केव्हिन रड यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये ‘विस्मृतीत गेलेल्या ऑस्ट्रेलियनांची’, म्हणजे संस्थांत आणि परक्या घरी वाढलेल्यांची, संसदेत माफी मागितली. स्वित्झर्लंडच्या मंत्री सिमोनेटा सोमारुगा यांनी एप्रिल २०१३ मध्ये मागितली, न्यूझीलंडने नोव्हेंबर २०२४ मध्ये. स्वित्झर्लंडचे उदाहरण शिकण्यासारखे आहे, कारण तिथे माफीवर भागले नाही. स्वतः संगोपन कुटुंबांत आणि बालगृहात वाढलेला उद्योजक गुइडो फ्लुरी याने सार्वमताच्या मागणीसाठी लाखाहून अधिक सह्या गोळा केल्या. त्या दबावातून झालेला कायदा २०१७ मध्ये लागू झाला, त्यासाठी ३० कोटी फ्रँकची तरतूद झाली आणि पीडितांना प्रत्येकी २५ हजार फ्रँक मिळाले. बालपण रकमेने परत येत नाही, हे फ्लुरीसह सगळे जाणतात. पण ‘तुझ्यावर अन्याय झाला’ असे सरकारने लिहून दिले की शेजारीपाजारी, मुले-नातवंडे यांच्यासमोर माणसाची मान वर होते.

कायदेशीर जबाबदारीचा प्रश्न ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडवला. नॉटिंगहॅमशायर परिषदेने १९८० च्या दशकात एका मुलीला ज्या कुटुंबांत ठेवले, तिथे तिचा छळ झाला. परिषदेने निवड आणि देखरेखीत निष्काळजीपणा केल्याचे सिद्ध झाले नव्हते. तरीही संगोपन पालक परिषदेचेच काम करत होते, म्हणून त्यांच्या कृत्यांना परिषद जबाबदार आहे, असा निकाल लागला. मूल दुसऱ्याच्या घरी दिले म्हणून सरकारला हात झटकता येत नाहीत, हे तत्त्व यातून रुजले.

अठरा वर्षे एक दिवस

अमेरिकेत दरवर्षी सुमारे २० हजार तरुण वय झाले म्हणून या व्यवस्थेतून बाहेर पडत आले आहेत. ज्याला घर आहे तो अठराव्या वर्षी कुठेही जात नाही. ज्याला नाही त्याच्याकडून मात्र त्या दिवशी स्वावलंबनाची अपेक्षा. इलिनॉय राज्यात २१ व्या वर्षापर्यंत राहता येई, शेजारच्या राज्यांत अठरालाच बाहेर पडावे लागे. मार्क कोर्टनी यांच्या तुलनात्मक अभ्यासात इलिनॉयची मुले कॉलेजात जाण्याचे प्रमाण जास्त निघाले. २००८ च्या संघराज्य कायद्याने इतर राज्यांनाही २१ पर्यंतची वाट खुली केली. इंग्लंडने २०१४ मध्ये संगोपन कुटुंबातच २१ पर्यंत राहण्याची सोय कायद्यात आणली.

आपल्याकडे

आपल्याकडे परक्या घरी वाढणे नवे नाही. मामाकडे, काकाकडे, गावच्या ओळखीने शहरातल्या एखाद्या घरी ‘शिकायला’ ठेवलेली मुले पूर्वापार आहेत. त्यांतल्या कित्येकांना माया मिळाली, कित्येकांनी शाळेपेक्षा भांडी जास्त पाहिली. तिथे ना निवड, ना भेट, ना नोंद.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ ने प्रतिपालकत्वाला चौकट दिली. बाल कल्याण समितीने मूल कुटुंबात ठेवायचे आणि दर महिन्याला त्या घराची पाहणी करायची, कुटुंब कमी पडले तर मूल काढून घ्यायचे, असे त्यात लिहिले आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना चार हजार रुपये मिळतात. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी विवाहित जोडप्यांबरोबर ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तींनाही मूल सांभाळण्याची मुभा दिली आणि पाचऐवजी दोन वर्षांनंतर दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. पॉक्सो कायदाही याबाबत कडक आहे. प्रतिपालकत्वाच्या नात्याने घरात असलेल्या व्यक्तीने केलेला लैंगिक अत्याचार त्यात अधिक गंभीर गुन्हा ठरतो.

महाराष्ट्रात बालसंगोपन योजना बरीच आधीपासून आहे. आता ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालते आणि २०२३ मध्ये तिचे अनुदान ११०० वरून २२५० रुपये झाले. प्रत्यक्षात तिचा बराचसा लाभ एकल आईकडे किंवा आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांना होतो आणि ते योग्यच आहे. पण अनुदान रखडण्याची तक्रार जुनी आहे, आणि गृहभेट म्हणजे फॉर्मवरची सही असे होऊ लागले तर बँक फार्म फार लांब राहत नाही. अठरानंतर अनुरक्षणगृहात २१ पर्यंत, अपवादाने २३ पर्यंत राहण्याची तरतूद आहे. मुलींसाठी आणि कुटुंबांतून बाहेर पडणाऱ्यांसाठी ती पोचते किती, हा खरा प्रश्न. २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांना एक टक्का आरक्षण दिले. गोव्यातल्या संस्थेत वाढलेल्या एका तरुणीने कागदपत्रांअभावी हुकलेल्या नोकरीचा प्रश्न लावून धरला, त्यातून ते आले. कागद नसला की माणूसच नसतो, हे या मुलांना लहानपणीच कळते.

कागदाची किंमत मुंबईच्या एका मुलीने सर्वांत महागात मोजली. १९८९ मध्ये ती अमेरिकेत दत्तक गेली. तिथे छळ झाला, अनेक संगोपन घरे बदलली. तिचे नागरिकत्व करून घेण्याचे काम कुणी पूर्ण केलेच नाही. मोठेपणी अमली पदार्थांच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यावर २००८ मध्ये, नवरा आणि दोन मुले तिथे असताना, तिला ज्या देशाची भाषाही उरली नव्हती त्या भारतात पाठवून देण्यात आले. ज्या मोठ्यांनी तिची जबाबदारी घेतली होती, त्यांतल्या कुणालाही देश सोडावा लागला नाही.

निष्कर्ष

एकत्र पाहिले तर पुरावा सरळ आहे. छळाचे घर लवकर ओळखले जाणे, एक मोठे माणूस वर्षानुवर्षे टिकणे, स्वतःचा इतिहास हातात मिळणे, आणि अठरानंतरही दार उघडे असणे : सावरलेल्यांना यातले काही ना काही लाभले होते. मेरी एलनला ते योगायोगाने मिळाले, फिशरला उशिरा, डेनिसला मिळालेच नाही. पुढच्या मुलांना ते मिळणे योगायोगावर अवलंबून राहू नये, यासाठीच कायदा असतो.

म्हणून आपल्याकडे ही योजना वाढवताना कुटुंबांची संख्या हे यशाचे माप नसावे. दर महिन्याची पाहणी खरोखर व्हावी, मुलाशी पालकांच्या माघारी बोलले जावे, एका मुलाला एकच कार्यकर्ती शक्य तितकी वर्षे मिळावी, फाइल जपली जावी आणि मागितली की मिळावी, अनुदान वेळेवर यावे. वाचकांपैकी ज्यांना जमेल त्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जाऊन प्रतिपालक होण्याची चौकशी करावी. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी शेजारच्या घरी ‘सांभाळायला आणलेल्या’ मुलाचे नाव तरी विचारून घ्यावे, ते शाळेत जाते का पाहावे, आणि शंका आली तर १०९८ वर फोन करावा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.